वाट नसलेलं पान

मी ज्या वृद्धाश्रमाची वेबसाइट सांभाळते, तिच्यावर तिथल्या प्रत्येक आजी-आजोबांचं एक छोटंसं पान आहे. काल साने आजोबांच्या मुलाचा फोन आला. "मुलीचं लग्न जमवतोय. आमचं आडनाव टाकून सर्च केलं की बाबांचं ते पान सगळ्यात वर येतं. स्थळाकडची मंडळी हल्ली सगळं बघतात हो. तेवढं दिसणार नाही असं करा."

त्यासाठी पान पुसावं लागत नाही. मुखपृष्ठावरून, वाढदिवसांच्या फोटोंवरून त्याच्याकडे जाणाऱ्या लिंक काढायच्या आणि सर्च इंजिनला सांगायचं, याची नोंद ठेवू नकोस. पान जागच्या जागी राहतं, त्यातला फोटो हसत राहतो. फक्त तिकडे जाणारी एकही वाट उरत नाही. काल रात्री मी तेवढं करून टाकलं. आमच्या कामात अशा पानाला अनाथ म्हणतात. माणसांत मात्र हा शब्द आपण लेकरांसाठीच राखून ठेवलाय. म्हाताऱ्यांना तो लावायची आपल्याला लाज वाटत असावी.

आज आश्रमात गेले, तर आजोबा व्हरांड्यात खुर्ची फाटकाकडे वळवून बसले होते. "माझं पान आहे ना गं अजून?"

मी फोनवर पानाचा पत्ता जसाच्या तसा टाइप केला आणि ते उघडून दाखवलं.

"आहे की!" त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे कुणी शोधलं तर सापडेन मी."

मी होकारार्थी मान हलवली. ज्याला पत्ता ठाऊक आहे, त्याच्यासाठी ते पान अजूनही उघडतं.

पत्ता मुलालाही ठाऊक आहे.