टॅक्स नसलेल्या देशातलं पीपीएफ

अरे, मला अजून धक्का बसलेला आहे! मी शारजात नवीन होतो, रोज तिथल्या रोल्ला भागातून मिनीबसने दुबईला ऑफिसला जायचो. शेजारी रोज एक मराठी एसी मेकॅनिक काका. कपड्यांवर ग्रीसचे डाग, म्हणून आधी सीटवर पेपर पसरणार, मगच बसणार. उतरताना पेपर घडी घालून पिशवीत.

एकदा मी शहाणपणा केला. "काका, इथे पगारावर टॅक्सच नाही! तिकडे बाबा टॅक्स वाचवायला पीपीएफमध्ये पंधरा वर्षं पैसे अडकवून बसलेत."

"माझंही आहे की पीपीएफ."

"तुमचं? कशाला? तुम्हाला कुठे टॅक्स वाचवायचाय!"

"टॅक्सपासून नाही रे, नातेवाइकांपासून वाचवतोय! इथल्या पहिल्या खेपेची आठ वर्षांची कमाई भावाच्या घरात आणि भाच्याच्या लग्नात खलास. रिकाम्या हाताने परत गेलो. म्हणून दुसऱ्यांदा निघायच्या आधीच गुपचूप खातं उघडलं. हे माझ्या म्हातारपणाचं."

"काकूंना तरी सांगितलंय ना?"

"छे! तिला कळलं की मेहुण्याला कळलं."

"मग नॉमिनी?"

"ती जागा कोरीच ठेवली."

"काका! अहो, तुम्हाला काही झालं तर कोणाला कळणार?"

हसत हसत त्यांनी पेपरची घडी घातली. "आता तुला माहीत आहे ना!" आणि उतरले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कंपनीने सगळ्या कामगारांना राहायला दुसऱ्या लेबर कॅम्पवर हलवलं. ते पुन्हा दिसले नाहीत. त्या खात्याबद्दल जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी त्यांना कधी नावच विचारलं नव्हतं!