शालनची पाठ

शालन पेशंटला हात लावण्याआधी विचारायची, "काका, वजन किती हो? लाजू नका, स्थळ बघायचं नाहीये." आमच्या ह्यांचं ब्याऐंशी किलो. अर्धांगानं उजवी बाजू लुळी पडलेली. सिंगापूरच्या हॉस्पिटलात मिरजेची नर्स भेटली म्हणून मला केवढा आधार वाटला! जुरोंग ईस्टच्या घरून मी रोज डबा न्यायची, त्यात तिच्या वाटणीची पोळीही असायची.

पलंगावरून खुर्चीत न्यायला तिथे यंत्र होतं. कापडी झोळीत माणूस बसवायचा, बटण दाबायचं. कामगाराला इजा होऊ द्यायची नाही असा इथे कायदा. म्हणून जड पेशंट हातानं उचलायचा नाही, यंत्रापाशी दोघीजणी हव्यात, असा हॉस्पिटलचा नियम भिंतीवर चित्रासकट लावलेला. शालन म्हणायची, "काकू, युनिफॉर्मचे दोन जोड मिळतात. पाठ एकच."

पण पहिल्याच दिवशी हे झोळीत लोंबकळले आणि लहान मुलासारखे रडले. मी म्हटलं, "अगं, तू आपली ना? पोत्यासारखं काय टांगतेस? हातानं घे." दुसऱ्या नर्सला मी हे बोलले नसते, आणि तिनं ऐकलंही नसतं. शालननं भिंतीवरच्या नियमाकडे एकदा पाहिलं. "तुमच्यासाठी हं, काकू."

आठवडाभर तिनं एकटीनं घेतलं. मग एका सकाळी ह्यांचा पाय घसरला. तिनं ह्यांना पडू दिलं नाही. स्वतः मात्र कठडा धरून वाकली ती वाकलीच.

शालनच्या वरच्या बाई फॉर्म घेऊन आल्या. प्रश्न एकच, यंत्र का नाही वापरलं? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मीच नको म्हटलं होतं. आणि दोन वॉर्डांत मिळून यंत्र एक, सकाळी दुसरी नर्स सापडत नाही, तेही लिहा की. बाई गोड हसल्या, तिथल्या ढंगात म्हणाल्या, "आंटी, फॅमिली कॅन से एनीथिंग. स्टाफ मस्ट फॉलो, लाह." फाइल मिटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम तिला वाचवायला होता ना? मग तिच्यावरच कसा उगारलात?

तिचं कंत्राट वाढवलं नाही. कंत्राट गेलं की कामाचा पास गेला, पास गेला की मिरज. कमरेला पट्टा बांधून निरोपाला आली, बसवेना म्हणून उभीच राहिली. मी माफी मागू लागले तर म्हणाली, "राहू द्या. तुम्ही आईच्या वयाच्या, मला नाही म्हणवलं नाही." हे ऐकून तर मला माझाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी नवी नर्स आली, कोवळी पोर. यंत्र दुसऱ्या वॉर्डात होतं. ती ह्यांच्या काखेत हात घालायला वाकली, तशी मी मधे उभी राहिले. पाऊण तासानं यंत्र आलं, दुसरी नर्स आली. तोवर मी तिला ह्यांना हात लावू दिला नाही.