आईला लवकर सुट्टी झाली

मंडळी, आज आईला चंद्रपूरच्या दवाखान्यातून सिंदेवाहीला घरी आणलं. गुडघा बदलून तिसराच दिवस.

गाडी थांबली तर अंगणात शेजारच्या बाया गप्प बसलेल्या. आमच्याकडे पेशंटला इतक्या लवकर घरी पाठवलं म्हणजे डॉक्टरनं हात टेकले. काकूनं तर पदर डोळ्यांना लावला.

आई वॉकर धरून स्वतः चालत आत गेली. तरी काकू डोळे पुसतच राहिली.

सगळ्या गेल्यावर आई म्हणाली, "खरं सांग, डॉक्टर काय म्हणला?"

"घरीच लवकर बरी होशील म्हणला."

"तुह्या बाबालेबी असंच सांगून आणलं होतं. गेलेच ना ते?"

तेव्हापासून मी तिच्या पलंगापाशी नुसता बसून आहे. सांगा, खरं असलेलं खरं कसं पटवायचं?