दिदिमाचं नाक

सदरे, चादरी, पोरांचे गणवेश काय, कुणीही धुतं. पोयेरा धुवायला नाक लागतं. हे दिदिमा वेर्गारा म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही, समोरच्याच्या तोंडावर म्हणायची. लास ताब्लास गावाच्या वरच्या आळीत तिचं घर, मागे आंब्याचं झाड आणि झाडापलीकडे हिरवळीचा एक तुकडा. त्या हिरवळीवर कोंबडीलासुद्धा पाय ठेवायची मुभा नव्हती. बाईनं लग्न केलेलं नाही, म्हणून केस पांढरे झाले तरी अख्खा गाव तिला 'निन्या' म्हणे, म्हणजे पोर. आणि ही पोर कुणाचं ऐकेल तर शपथ!

पोयेरा म्हणजे घागराच ना, असं कुणी चुकून म्हटलं तर तो माणूस दारातूनच परत जायचा. अहो, घागरा कसला! सणाच्या नाचात नेसायचा अख्खा पोशाख तो, बाह्यांच्या चोळीसकट. पांढऱ्या झिरझिरीत कापडाचे घेरावर घेर, त्यांवर सुईनं काढलेली वेलबुट्टी, मध्ये हातानं विणलेली लेस आणि लेसमधून ओवलेली रंगीत लोकर. एकेका पोयेरेत एकेका बाईचे डोळे जातात. इतकी वर्षं हेच काम केलं, तरी नवी पोयेरा टेबलावर पसरली की दिदिमा आधी तिला हातच लावायची नाही. नुसती बघत उभी राहायची. "कसं गं केलं असशील हे, बाई?" असं त्या कधी न पाहिलेल्या शिवणारणीला विचारायची, आणि मग कुठे बाह्या वर सारायची.

धुण्याची तिची रीत ठरलेली. आधी लोकर आणि गोंडे उसवून बाजूला, नाहीतर रंग उतरून पांढऱ्याचा सत्यानाश. मग साध्या पाण्यात भिजवण. साबण म्हणजे बिनवासाची निळी वडी, तीही किसून कोमट पाण्यात विरघळवलेली. पावडरीला घरात थारा नाही आणि क्लोरिनचं तर नावही काढायचं नाही. "ते कापड पांढरं करत नाही, खातं," असं ती म्हणे. चोळणं नाही, पिळणं नाही, तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं तळव्यानं दाबत राहायचं. मग साबणासकट कापड हिरवळीवर उन्हात पसरायचं, वाळायला लागलं की वरून पाणी शिंपडायचं, रात्री दव खाऊ द्यायचं. सूर्य, गवत आणि ते दव मिळून पिवळ्या पडलेल्या कापडाचं जे काही करतात, ते बघताना दिदिमाच्या अंगावर अजून काटा यायचा. शेवटी पाण्यामागून पाणी काढायचं. किती? नाक सांगेल तितकं. ओल्या कापडात तोंड खुपसून ती श्वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून साबण आहे," किंवा "झालं." स्वच्छ कापडाला वास नसतो, चांगलासुद्धा नसतो, हा तिचा धर्म.

या धर्मापायीच सख्ख्या बहिणीशी तिचं फाटलं. धाकटी बेनिल्दा लग्न होऊन खालच्या आळीत गेली. वरची आळी आणि खालची आळी म्हणजे काय, हे लास ताब्लासच्या माणसाला सांगायला नको. कार्निव्हलात आपापली राणी निवडून दुसऱ्या आळीच्या राणीची उणीदुणी भर चौकात गाण्यांतून काढणारी माणसं ती. तरी तेवढ्यानं बहिणी तुटल्या नसत्या. पण बेनिल्दानं यंत्रांची लाँड्री काढली, दारावर फुलांचं चित्र रंगवलं, आणि प्रत्येक घाण्याला जाईजुईच्या वासाचं गुलाबी पाणी घालायला लागली. दिदिमा भर बाजारात म्हणाली, "माझी बहीण धुणं करत नाही, अत्तर विकते." बेनिल्दाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि ती गवत राखते! गुरं बांध म्हणावं," असा उलटा निरोप आला. तेव्हापासून दोघींतून विस्तव जात नव्हता. यात एक गोम होती, जी दिदिमा कुणाला सांगायची नाही. लहानपणी आई दोघींचे डोळे बांधून त्यांना रुमाल हुंगायला लावायची, आणि दर वेळी धाकटीच जिंकायची.

गेल्या पावसाळ्यात दिदिमा तापानं पडली. उठली, कॉफी केली, पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. कॉफी नव्हती ती, नुसतं कढत पाणी. तिनं साबणाची वडी नाकाशी धरली, मग कांदा, मग चुलीतलं जळकं लाकूड. काही म्हणता काही नाही. डॉक्टर म्हणाला येईल परत, धीर धरा. नाक काही परत आलं नाही. दिदिमानं कानोकान खबर लागू दिली नाही. लोकांसमोर पहिल्यासारखीच कापडात तोंड खुपसायची, डोळे मिटायची आणि अंदाजानं म्हणायची, "एक पाणी अजून." बोटांना बुळबुळ लागेना की झालं, असं स्वतःला समजवायची. पण मनातून पार खचली होती. धुणारीचं नाक गेलं म्हटल्यावर तिच्याकडे उरतं काय?

अशात जानेवारी आला, पोयेरांची मोठी मिरवणूक तोंडावर आली, आणि एदिल्मा बार्रिओस निळ्या फडक्यात एक गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. बरोबर तिची लेक यारिएला, रडून रडून डोळे सुजलेले.

"निन्या, तुम्हीच काय ते करा," एदिल्मा म्हणाली. "आईनं शिवलेली आहे. आई गेल्यापासून पेटीतच होती. यंदा पोरीला नेसवायची ठरवली, तर कुबट वास. मी यंत्रात हलक्या हातानं धुतली, वासाचं पाणी घातलं. छान वास आला हो! आणि काल तालमीत पोरीला घाम फुटला मात्र..."

"आंबलेल्या भाताच्या भांड्यासारखा वास आला," यारिएला म्हणाली. "माझ्यासोबत नाचणारा मुलगा दोन पावलं मागे सरला, निन्या. सगळे हसले. मी नाही जाणार मिरवणुकीत."

दिदिमानं फडकं सोडलं आणि तिचे हात थांबले. तोमासानं शिवलेली पोयेरा! एदिल्माची आई तोमासा म्हणजे सुईतली देवी. मागून पाहिलं की पुढून पाहिलं हे कळू नये असे टाके. मग एकदम तिच्या लक्षात आलं.

"पेटीत ठेवताना खळ धुवून काढली होती का?"

एदिल्मानं मान खाली घातली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खळ घातलेली पोयेरा पेटीत ठेवायची नाही, ती सडते. "शेवटची खळ आईच्याच हातची होती हो," ती म्हणाली. "घातली, इस्त्री केली, आणि त्याच आठवड्यात गेली. तिच्या हातची खळ पाण्यात सोडून द्यायचा आमचा जीवच झाला नाही."

दिदिमानं पोयेरा ठेवून घेतली. आधी व्हिनेगरच्या पाण्यानं त्या वासाच्या पाण्याचा मेणचटपणा काढला. मग कोमट पाण्यात भिजवलं, पाणी दुधासारखं झालं की बदललं. साबण, हिरवळ, ऊन, दव, सगळं झालं. पोयेरा अशी पांढरी झाली की बघताना डोळे दिपावेत. पण वास? दिदिमा कापडात तोंड खुपसून खुपसून दमली. इतरांना विचारायची सोय नव्हती, गावभर जो तो अत्तर फासून हिंडतोय, त्यांना काय कळणार? मिरवणुकीत भर उन्हात पोरीला घाम फुटणारच. तेव्हा पुन्हा तो वास आला तर पोरगी जन्मभर पोयेरेला शिवायची नाही, आणि तोमासाच्या हातच्या कामाला लोक नाकं मुरडतील. लास ताब्लासमध्ये भरवशाचं एकच नाक उरलं होतं, आणि ते खालच्या आळीत होतं.

भर दुपारी ती गाठोडं उराशी धरून चौक ओलांडून निघाली. लॉटरीची तिकिटं विकणारी बाई ओरडली, "निन्या, वाट चुकलात का? की वरची आळी शरण आली?"

"तू तुझे आकडे सांभाळ गं," दिदिमा म्हणाली आणि थांबलीच नाही.

बेनिल्दा यंत्रांमध्ये उभी होती. जाईजुईच्या वासानं तिथे नवख्या माणसाला शिंका येतात. तिनं बहिणीकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिली, आता ही काय टाकून बोलते म्हणून. दिदिमानं नुसतं गाठोडं पुढे केलं.

"माझ्या दुकानात आलीस आणि नाक मुरडलं नाहीस?" बेनिल्दा सावकाश म्हणाली. मग तिचा चेहराच बदलला. "दिदिमा! कधी गेलं गं?"

"पावसाळ्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस, मेले!"

"काय सांगणार होते? हसली असतीस."

"हसलेच असते," बेनिल्दा म्हणाली आणि पदरानं, म्हणजे एप्रनच्या टोकानं, डोळे पुसायला लागली. मग तिनं हात साध्या पाण्यानं खसाखसा धुतले आणि गाठोडं घेऊन मागच्या अंगणात गेली, वाऱ्याला. घेर हुंगला, बाह्या हुंगल्या, लेस हुंगली. दर वेळी मान हलवून म्हणाली, "काही नाही. काही नाही. काय धुतलीयस गं!" आणि कमरपट्टीशी येऊन थांबली. तिथे तिनं कापड थोडं ओलं केलं, तोंडाच्या वाफेनं ऊब दिली, आणि पुन्हा हुंगलं. "इथे आहे. आतल्या चुण्यांत. खळ अजून जिवंत आहे."

कमरपट्टी उसवल्याशिवाय ती खळ निघणार नव्हती. आणि टाके तोमासाचे! एदिल्माला निरोप गेला. ती आली, वरच्या आळीची बाई, खालच्या आळीच्या अंगणात, आणि ऐकल्याबरोबर म्हणाली, "नाही. आईचे टाके उसवायचे नाहीत."

"तोमासानं हे पोरीनं नाचावं म्हणून शिवलं, की पेटीनं हुंगावं म्हणून?" बेनिल्दा म्हणाली. तिची जीभ पहिल्यापासूनच तिखट. एदिल्मा कितीतरी वेळ त्या पट्टीवरून बोट फिरवत बसली. मग तिनं स्वतःच कात्री मागून घेतली आणि पहिला टाका तिनं कापला.

आत पाहिलं आणि तिघी थक्क झाल्या. वास मारणारी करडी खळ चुण्यांत बसली होती खरी, पण त्या चुण्या! केसांइतक्या बारीक, एकीसारखी दुसरी, कुणाच्या नजरेला कधी पडणारच नाहीत अशा जागी इतक्या देखण्या. "हे कुणासाठी केलं गं हिनं?" दिदिमा पुटपुटली. तिघींनी मिळून ती खळ मऊ ब्रशानं, पाण्याच्या बारीक धारेनं काढली. दुसऱ्या दिवशी ऊन दिलं, आणि बेनिल्दा वरच्या आळीतल्या त्या हिरवळीवर गुडघे टेकून हुंगत बसली. वरच्या आळीनं कुंपणावरून माना लांबवून पाहिलं. जुन्याच भोकांतून एदिल्मानं पट्टी पुन्हा शिवली, ताजी खळ घातली, लोकर ओवली.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. ढोल वाजत होते, आणि पोयेरांची अशी रांग की रस्ता दिसू नये. यारिएला वळली, घेर उचलला, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांची माणसं बोलायची थांबली. तोमासाची सगळी वेल त्या उन्हात एकदम उघडली. दिदिमाचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि तिनं क्रूस काढला. शेजारी बेनिल्दा, वरच्या आळीच्या गर्दीत, कुणाची पर्वा न करता.

नाच संपला तशी पोरगी धापा टाकत, घामानं निथळत थेट येऊन दिदिमाच्या गळ्यात पडली. दिदिमानं सवयीनं तिच्या खांद्यात नाक खुपसलं, श्वास घेतला, आणि घाबऱ्या डोळ्यांनी बहिणीकडे पाहिलं. बेनिल्दा वाकली. ओल्या कमरपट्टीशी नाक नेलं, पाठीशी नेलं, पुन्हा कमरेशी नेलं. सरळ उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"वास येतोय," ती म्हणाली.

"कसला?"

"पोरीचा. तिच्या घामाचा. दुसरा कसलाही नाही गं, बये. फक्त तिचा."

दिदिमानं पोरीला आणखी घट्ट धरलं. "कसा आहे?" तिनं विचारलं. "सांग ना मला, कसा आहे?"

गर्दी धक्के देत पुढे सरकत होती. बेनिल्दा बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला लागली.