मानाचा गुर्दा

पुंजाजी खिल्लारे सर आणि त्यांच्या सासूबाई जनकाबाई पहिल्यांदा समोरासमोर आले, त्या दिवशी कुरुंद्यातली कुत्री भेदरून वसमतच्या वाटेला लागली म्हणतात. मुलगी बघायला आलेल्या सरांच्या ताटात जनकाबाईंनी बकऱ्याचा गुर्दा मानानं ठेवला. सरांनी तो उजेडात धरला आणि “शिजवून वाया घालवला!” असे गरजले, की उतरंड हलली.

“जावयाचा घास हाय,” जनकाबाई म्हणाल्या. “गुमान गिळा.”

सरांनी गिळला. लग्न ठरलं.

हिंगोलीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवता शिकवता सर डॉक्टरेट करत होते. गुर्द्याच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, प्रत्येक पेशीला चरबीचा तलम पडदा असतो. त्यात रुतून बसलेलं एन्झाइम सोडियम बाहेर ढकलतं, पोटॅशियम आत ओढतं. पडदा पातळ, लवचीक असला की एन्झाइमला हालचाल करता येते. गारठ्यानं पडदा घट्ट झाला की काम मंदावतं. सरांनी हे मोजलं होतं. पण विद्यापीठातले मार्गदर्शक म्हणाले, “हिंगोलीत धड बर्फ मिळत नाही, तुम्हाला आकडे कुठून मिळाले हो? अकोल्याला लग्नाला चाललोय, वाटेत उतरतो. डोळ्यांपुढं करून दाखवा, नाहीतर प्रबंध विसरा.”

सर बर्फवाल्यावर, विजेवर, कॉलेजच्या शिपायावर रोजच चिडत. पण हा राग वेगळा होता. ‘खेड्यातल्या मास्तराला पडद्यातलं काय कळणार’ हे त्या माणसानं न बोलता ऐकवलं होतं.

शहात्तरच्या हिवाळ्यात मार्गदर्शक आले. सरांनी पहाटेच मटणवाल्याकडून ताजे गुर्दे आणून घरी बर्फाच्या डब्यात ठेवले. कॉलेजातल्या मांजरानं पूर्वी दोनदा प्रयोग खाल्ला होता. मग सर पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. घरी लेकीकडे आलेल्या जनकाबाईंनी डबा उघडला.

दुपारी पाहुणे जेवायला बसले. मार्गदर्शकांनी ताटातला घास मिटक्या मारत संपवला. सरांचं लक्ष आपल्या ताटाकडे गेलं आणि ते ताडकन उठले.

“हे काहून शिजवलं?”

“मोठा मानूस घरी आला, जावई बी हाय! तुमी गुर्दे आनून ठिवले, म्या काय त्यांची आरती करू?”

“माझा प्रयोग होता तो!”

“मंग तसं सांगायचं व्हतं. भांडून राहिले नुसते!”

सर मार्गदर्शकांकडे वळले. गार ताटाच्या कडेला रश्श्यातली चरबी तुपासारखी थिजली होती. सरांनी त्यात चमचा खुपसला. “बघा, फिरतो का! पडदा इतका घट्ट होत नाही, पण एन्झाइमची गत हीच. मी खोटं लिहिलेलं नाही!”

“हे कुणीही आचारी सांगेल, खिल्लारे,” मार्गदर्शक हात धूत म्हणाले. “मला आकडे हवे होते.”

“ते तुम्ही आत्ता खाल्लेत!”

सर मटणवाल्याकडे धावले. बकरा संपला होता. परत आले तेव्हा मार्गदर्शकांचा टांगा स्टेशनाकडे निघाला होता. त्याच्यामागे सर ओरडत गेले. टांगा थांबला नाही.

मार्गदर्शक पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी विद्यापीठानं सरांची नोंदणी रद्द केली.