लाइट गेली होती

अहिरेभाऊ घरात आले की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. टेलिफोन खात्यातले लाइनमन, खांद्याला अवजारांची पिशवी, आणि बिघडलेल्या फोनसमोर हे गृहस्थ देवळात उभे राहावे तसे उभे! पाच मिनिटं, कधी दहा. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कितीतरी वर्षं नंबर लावून बसल्यावर आमच्याकडे फोन आला आणि पंधरा दिवसांत मुका झाला. तीन तक्रारी केल्यावर अहिरेभाऊ आले आणि नुसते बघत राहिले. मी शाळेतली बाई. समोरचा नुसता उभा राहिला की माझी जीभ सुटते. "अहो, बघताय काय? हात लावा की!"

"हात घाईनं जातो बाई. डोकं मागून चालत येतं. त्याला येऊ द्या जरा," ते म्हणाले. मग विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलला हा?"

"रविवारी सकाळी."

"मग कुणी हात लावला?"

"कुणीही नाही," मी ठणकावून सांगितलं. अहिरेभाऊ भिंतीकडेनं वायर बघत गेले आणि कपाटापाशी थांबले. कपाटाचा पाय बरोब्बर वायरवर. "कपाट चालत आलं असंल," ते शांतपणे म्हणाले. आमचे हे छताकडे बघायला लागले. रविवारी दुपारी एकट्यानं कपाट सरकवण्याचा पराक्रम यांनीच केला होता आणि मला पत्ता नव्हता. मी हसून हसून बेजार झाले. अहिरेभाऊ मात्र हसले नाहीत. "साहेब, आधीच सांगितलं असतं तर आतापावेतो चहा झाला असता," एवढंच म्हणाले.

ते सटाण्याकडचे. नाशकात उभा जन्म काढला तरी मधूनच त्यांच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' डोकवायचं, विशेषतः काम अडलं की. "बिघाड सापडतो वो बाई, माणूस सापडत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक घरात एक खोटं असतं, म्हणायचे, आणि निम्मा वेळ ते हुडकण्यातच जातो. कुणी पोराला मारतील म्हणून झाकतं, कुणी नवऱ्याला भिऊन. म्हणून ते बिघाड काय हे कधी विचारायचेच नाहीत. शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत, एवढेच दोन प्रश्न. पुढे कॉम्प्युटर आले, तेही हा माणूस भंगारातले उघडून उघडून शिकला. लवकर निवृत्ती घेतली आणि सातपूरला एका जिन्याखाली दुकान टाकलं. आमच्या घरातलं काहीही बिघडलं की अहिरेभाऊ. सण असो, लग्न असो, पहिली पत्रिका त्यांना.

मीही निवृत्त झाले होते. आम्ही चार बायका मिळून अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचो. आधी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. चौघींचं वाचन एका जागी राहावं म्हणून जावयानं एक काळी पेटी आणून दिली होती. आत दोन डिस्क, एकीत जे जाईल तेच दुसरीत. घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून ती उघडायची. अहिरेभाऊ तिला 'कोठार' म्हणायचे.

त्या वर्षी आमच्याकडे मंगल होती. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आईबाप भात निघालं की द्राक्षबागेच्या कामाला सायखेड्याकडे उतरायचे. ही पंचवटीतल्या मुलींच्या वसतिगृहात राहून बारावीला बसणार होती. डोळ्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पुण्यातल्या एका कॉलेजनं तिला सांगितलं होतं, साठ टक्के आण, प्रवेश आणि राहायची सोय दोन्ही देतो. तिची चारही पुस्तकं आम्ही वाचून संपवली होती. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. सीड्या मात्र मी दिल्या नव्हत्या. मंगल दर आठवड्याला म्हणायची, "बाई, झालंय तेवढं द्या ना." आणि मी म्हणायची, "चुका तपासून एकदमच देईन." चूक म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो. बत्तीस वर्षं लाल शाई वापरल्याचा परिणाम.

जानेवारीतला गुरुवार. हे चांदवडला लग्नाला गेले होते. दुपारी पडद्यावर निरोप आला की पेटीसाठी नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? मी घेतली. पट्टी ऐंशीपर्यंत सरकली आणि तिथेच ठाण मांडून बसली. मी अर्धा तास वाट पाहिली, मग वैतागून बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं. पेटी काही उठेना. नुसता नारिंगी दिवा लुकलुकत राहिला. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं, दोन नंबरच्या डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का असं काहीसं. मला ते अर्धंच कळलं आणि त्या अर्ध्या कळण्यावर मी 'हो' दाबलं. पुढच्या ओळीतला 'पुसत आहे' हा शब्द मात्र पूर्ण कळला. मी किंचाळून पेटीचा प्लगच उपटला.

पेपर महिन्यावर आले होते. चौघींचं चार महिन्यांचं वाचन आणि मंगलचं पुणं त्या पेटीत होतं.

अहिरेभाऊ वीस मिनिटांत मोपेडवरून आले. हात पाठीमागे. "शेवटचं नीट कधी चाललं?"

"दुपारी जेवणं झाली तोवर."

"मग काय केलं?"

"नवी आवृत्ती घेतली. आणि मधेच..." माझी जीभ अडखळली. समोर माझ्याच शाळेतला पोरगा उभा असता तर मी त्याचा कान धरला असता. "मधेच लाइट गेली."

त्या दिवसांत भारनियमन इतकं होतं की हे कारण जिभेवर तयारच असायचं. आलं ते सुळकन.

"नंतर त्यानं काही विचारलं? कशाला हो म्हटलं?"

"नाही. मी काहीच केलं नाही."

अहिरेभाऊंनी मान हलवली आणि दोन्ही डिस्क बाहेर काढल्या. "या जुळ्या बहिणी शेत. एकीत तेच दुसरीत. एक बाजूला ठेवू, तिला हातच लावायचा नही. दुसरीवर काय ते करू. ती गेली तरी ही शे." माझ्याकडे स्वच्छ टॉवेल मागितला. वरची डिस्क एक नंबरची, खालची दोन नंबरची. खाली बारीक अक्षरात लिहिलंच होतं. त्यांचा हात आधी वरचीकडे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खालची उचलली आणि टॉवेलात गुंडाळली.

पुसायला घेतलेली डिस्क त्यांनी जपून ठेवली होती आणि ते मी बघत होते. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मनानं लगेच वकिली सुरू केली. दोनचार सेकंदच तर चाललं होतं, तेवढ्यात काय पुसलं जाणार? आणि आता सांगायचं म्हणजे पाच मिनिटांपूर्वीचं खोटंही सांगायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. बाई, बाई! त्या चहाच्या आधणासमोर मी जेवढी घाबरले होते तेवढी इन्स्पेक्टर वर्गात आल्यावरही कधी घाबरले नव्हते.

त्यांनी पेटीत जुनी आवृत्ती पुन्हा भरली, वरची डिस्क लावली आणि बटण दाबलं. नारिंगी दिवा. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. किती वेळानं तो हिरवा झाला आणि माझ्या तोंडून "देवा!" निघालं. पण पेटीनं लगेच पुढचं विचारलं. डिस्कमध्ये काही तुटक नोंदी आहेत, त्या टाकून देऊन बाकीचं उघडू का? अहिरेभाऊ थांबले. टॉवेलाकडे बघितलं. "हिच्यातलं काही गेलं तर तिच्यात शे," म्हणाले आणि हो दाबलं.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तरी बोलले नाही.

इतिहास आला. राज्यशास्त्र आलं. समाजशास्त्राचा शेवटचा धडा वाजवून बघितला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्थशास्त्राचे चौदा धडे, त्यातले सात निघाले. "काळजी नही बाई," म्हणत त्यांनी टॉवेल उलगडला आणि खालची डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली.

कोरी. पहिल्या पानापासून कोरी.

अहिरेभाऊ खुर्चीवरून उठले. हात पाठीमागे गेले. मग पुन्हा बसून त्यांनी पेटीची स्वतःची नोंद उघडली. काय झालं आणि किती वाजता झालं, ते ही यंत्रं ओळीनं लिहून ठेवतात हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. पेटी बटणानं बंद केल्याची एक ओळ होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, चार वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली होती का?"

आवाज अगदी साधा. चढलेला नाही, टोचणारा नाही. दार सताड उघडं ठेवलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "हो."

"बरं," ते म्हणाले आणि अवजारं पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "चला, मंगलला सांगायला पाहिजे." मी म्हटलं, थोडं थांबू, मी भराभर वाचून काढते, तिला कळायचंही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं चपला घातल्या.

वसतिगृहाच्या ओट्यावर मंगल बसली होती. अहिरेभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "मंगल, अर्थशास्त्राचे सात धडे गेले. आठ ते चौदा. मी न तपासता पुढे गेलो. तपासायला पाहिजे होतं."

चोराच्या मनात चांदणं. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलंच नाही. मंगल म्हणाली, "त्यातच जास्त मार्कांचे प्रश्न येतेत, काका." आणि स्वतःच समजूत घातल्यासारखं, "जाऊ द्या. यंत्र ते."

"यंत्रानं सगळं बरोबर सांगितलं होतं," अहिरेभाऊ म्हणाले. "यंत्राला नको बोलू."

मी ओट्याचा खांब धरून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. तिन्ही पुस्तकांच्या सीड्या तिला दुसऱ्या दिवशी दिल्या. अर्थशास्त्र वाचणारी आमची मैत्रीण तोवर लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली होती, म्हणून ते सात धडे मीच पुन्हा वाचले. घसा पार बसला. मंगलच्या हाती ते पेपरच्या आठ दिवस आधी पडले. लेखनिक मुलगी सांगत होती, मोठ्या प्रश्नांना मंगल नुसती थांबून राहायची. अर्थशास्त्रात एक्केचाळीस. साठ टक्क्यांना नऊ मार्क कमी पडले आणि पुणं हुकलं. तिनं नाशकातच बी.ए. केलं. त्या तीन वर्षांत अहिरेभाऊ दर रविवारी तिला दुकानात बसवून टेलिफोनचा बोर्ड चालवायला शिकवायचे, आणि एका कचेरीत तिला ऑपरेटरची नोकरी लागली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले.

आमच्याकडे ते येतच राहिले. तसेच हसायचे, तसाच चहा प्यायचे. फक्त एक गोष्ट बदलली. मला त्यांनी प्रश्न विचारायचे बंद केले. काही बिघडलं की हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि मग गुपचूप स्वतःच सगळं तपासायला लागायचे. मी कधी आपणहून सांगायला लागले, "अहो, सकाळपर्यंत नीट होतं," तर म्हणायचे, "राहू द्या बाई, बघतो मी." कुणी चारचौघांत अपमान केला असता तर परवडलं असतं. हे नाकाला झोंबायचं नाही, थेट काळजाला लागायचं.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ते गेले. दुकानातच छातीत कळ आली. तेराव्याला त्यांच्या घरी खात्यातले जुने लोक जमले होते. जो तो म्हणत होता, अहिरेंच्या हातून कधी चूक झाली नाही. मंगल माझ्या शेजारी बसली होती. ती उभी राहिली.

"झाली होती," ती म्हणाली. "माझे सात धडे गेले होते. माझं पुणं गेलं. पण ते दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन म्हणाले, चुकलं माझं. माझ्यापाशी येऊन चूक कबूल केलेला तो एकच माणूस."

लोक हळहळले. अहिरेवहिनींनी पदर डोळ्यांना लावला. आता बोलले नाही तर मेलेल्या माणसाच्या नावावर माझी चूक कायमची चढणार होती.

"मंगल," मी म्हटलं, "ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. मी त्यांना खोटं सांगितलं. लाइट गेलीच नव्हती." आणि सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर, खालच्या डिस्कपासून टॉवेलापर्यंत.

मंगलनं विचारलं, "म्हणजे काका माझ्याशी खोटं बोलले?"

"नाही गं. ते म्हणाले, मी न तपासता पुढे गेलो. तेवढं खरंच होतं. त्यांनी फक्त त्यांचं सांगितलं. माझं मी सांगायचं होतं."

ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही ते सात धडे बसलेल्या आवाजात वाचले होते. मला वाटलं, काकांची चूक तुम्ही भरून काढताय. सीडी घ्यायला आले तेव्हा मी तुमच्या पाया पडले होते."

"हो," मी म्हटलं. "पडली होतीस."