कप्तान, सासरे आणि धोंड्याचा महिना

लहानपणी पेठला शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मांडी घालून मी एका अंतराळयानाची मालिका बघायचो. यान पुठ्ठ्याचं आहे हे तेव्हाही दिसायचं, पण कप्तानावर आपला जीव होता. शेवटच्या भागात सगळ्यांना सुखरूप उतरवून तो एकटा यानात मागे राहतो आणि यानासकट जातो. त्या रविवारी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं समजून आईनं ओवा चावायला लावला.

पुढे लग्न झालं. सासुरवाडी खोडदची. रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य थाळ्या सासऱ्यांच्या टोमॅटोच्या बांधावरून दिसायच्या. माणसं गोड, पण मला तिथं जावईपणाचा जाच व्हायचा. सगळे खाली बसायचे आणि मला एकट्याला खुर्ची. मी काहीही बोललो की सासरे म्हणायचे, "बरोबर हाय पावणं." ऊन पडलंय म्हटलं तरी बरोबर, आभाळ आलंय म्हटलं तरी बरोबर. माझे वडील मला दिवसातून दोनदा तरी येडपट म्हणायचे. ते गेल्यापासून तसं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. या घरात कुणीतरी मला एकदा तरी नीट झापावं, अशी माझी फार इच्छा होती.

अधिक महिन्यात धोंडे खायला जावयाला बोलावतात, तसं आम्हाला बोलावणं आलं. नुकत्याच त्या मालिकेच्या तीन सीडी मला मिळाल्या होत्या. म्हटलं, सासऱ्यांना दाखवू, त्या निमित्तानं तरी माणूस मोकळं बोलेल. नारायणगावहून येताना जीपमध्ये पिशवी उलटली आणि सीड्या लोकांच्या पायांत गेल्या. गोळा करून हाताला येतील तशा पाकिटांत भरल्या.

पहिल्या दिवशी सासरे टोपी मांडीवर ठेवून बसले. यानातून पृथ्वीला हाका मारतात आणि कुणालाच ऐकू येत नाहीत, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आमच्या हितं थाळ्यांत ऐकू आलं आस्तं." मी खूश झालो. संपल्यावर विचारलं, कसं वाटलं?

"झ्याक हाय पावणं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणाचे धोंडे झाले. सासूबाईंनी आग्रह करकरून वाढले, वर तुपाची धार. मी दुसरी सीडी लावली, खुर्चीत टेकलो आणि नाव यायच्या आतच झोपलो. उठलो तेव्हा टीव्ही बंद होता. सगळे तसेच बसलेले, चेहरे पडलेले. विचारलं, तर सासरे म्हणाले, "झ्याक व्हतं."

तिसऱ्या दिवशी तिसरी सीडी लावली. पडद्यावर कप्तान मजेत चहा पीत होता. मी चमकलो. हा तर दुसरा भाग. मग काल यांनी काय बघितलं?

"काल कप्तान काय करत होता?" मी विचारलं.

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "मेला की वो. ह्यो त्याचा जुळा भाऊ आसंल."

"जुळा नाय," सासरे म्हणाले. "वरची हवा येगळी. तितं माणूस उठत आसंल माघारी."

"अहो, सीड्यांची अदलाबदल झाली. शेवट आधी लागला. मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमाला कसं सांगायचं पावणं? जावयाला चुकलं म्हनायचं व्हय?"

"निदान उठवायचं तरी."

सासऱ्यांचा तोल तिथं सुटला. "आरं येडपटा, घोरत व्हतास तू! कप्तान हितं जीव सोडतोय आन् तू घुर्रर्र! धड ऐकूबी आलं न्हाई काय! कालधरनं सुतक धरून बसलोय आमी, आन् आज मेलेला चहा पितोय!"

सासूबाईंनी जीभ चावली. "अवं, जावई हायेत."

सासरे टोपी चाचपायला लागले. आता माफीबिफी मागतात की काय, या भीतीनं मी घाईघाईनं खुर्चीवरून उठलो आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसलो. त्यांनी टोपी पुन्हा मांडीवर ठेवली.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "दिसंना मला."

दुसरा भाग झाला, मग शेवटचा पुन्हा लावला. काय होणार हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी कप्तान एकटा मागे राहिला तेव्हा सासऱ्यांनी टोपीनं डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून बघतात तर माझ्याही डोळ्यांना धार.

"तू तर ल्हानपनीच बघितलंय न्हवं? मग आता कशापायी रडतुयास?"

"कप्तानासाठी," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण येडपट म्हटल्यापासून त्यांनी मला एकदाही पावणं म्हटलं नव्हतं, ते काही मी त्यांना सांगितलं नाही.